उलटसुलट खुर्च्या

हॉस्पिटलच्या बांधकाम विभागात तिला सगळे टेपबाई म्हणायचे. तिला स्वतःचं नाव होतं, दर महिन्याला पगाराच्या कागदावर ते छापूनही यायचं, पण तीस वर्षांत ते कुणी तोंडाने घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. पर्समध्ये मोजायची टेप आणि मनगटात अडकवलेली चिकटपट्टीची रिंग. दुसरं काय नाव पडणार होतं?

हुद्दा ड्राफ्ट्समनचा. काम नकाशे काढायचं. पण कागदावरच्या नकाशावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर सगळंच मावतं," असं त्या म्हणायच्या. म्हणून कुठलीही खोली बांधायची किंवा बदलायची झाली, की त्या रिकाम्या जमिनीवर चिकटपट्टीने अख्खा नकाशा खऱ्या मापाने आखायच्या आणि तिथे ज्याला काम करायचंय त्याला त्यात चालवायच्या, बसवायच्या, वेळ पडली तर आडवं करायच्या. एकदा त्यांनी दोन मोठ्या डॉक्टरांना रिकामं स्ट्रेचर घेऊन पट्टीच्या बोळातून वळायला लावलं होतं. दोघेही कोपऱ्यात अडकले. तेव्हापासून ते दोघे त्यांना लांबूनच नमस्कार करत.

आता बाई सत्तावन्नच्या झाल्या होत्या. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि त्या थकल्या होत्या. हा थकवा झोपेने जाणारा नव्हता. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार हे वार त्यांच्या अंगावर येत. पावणेपाचला उठायचं, त्याला उठवायचं, सहाच्या आत हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात पोचवायचं. चार तास त्याचं रक्त मशीनमधून फिरणार. तोवर मिळेल त्या बाकावर डुलकी काढायची, नऊला वर जाऊन टेबल गाठायचं, दहाला खाली पळायचं, त्याला गाडीत बसवून द्यायचं आणि परत वर यायचं. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. ती रविवारी फोन करायची आणि "आई, तू स्वतःकडे बघ गं" म्हणायची. बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिनेही कधी सांगितलं नाही.

अशात डायलिसिस विभाग होता त्या बाजूच्या इमारतीला तडे गेले. तपासणी झाली, पत्र आलं, महिनाअखेर इमारत रिकामी करा. विभाग हलवायला जागा मिळाली ती मुख्य इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची, जुन्या केसपेपरांची खोली. अडतीस फूट लांब, सोळा फूट रुंद.

इंजिनिअर साहेब फाइल घेऊन आले. साहेब तरुण होते, नुकतेच कसल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते आणि तिथून 'टीम' हा शब्द घेऊन आले होते. टीम म्हणजे साहेब, टेपबाई, डायलिसिसच्या मुख्य सिस्टर आणि प्लंबर. चार माणसं आणि एक फाइल.

"बंधनं आहेत," साहेब म्हणाले, "पण बंधनं असली की डोकं जास्त चालतं. आम्हाला शिबिरात हेच शिकवलं."

"आमचं न शिकवताच चालतंय," प्लंबर म्हणाला. "बंधनं सांगा."

बंधनं अशी होती. खालच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर, म्हणून जमिनीत एक खिळाही ठोकायचा नाही. भिंती फोडायच्या नाहीत. डायलिसिसच्या मशीनला शुद्ध केलेलं पाणी लागतं, तो पाइप छतावरून येणार आणि चार तुळयांपाशी चारच ठिकाणी खाली उतरणार. पाचवा उतार काढला तर पाण्याचा जोर कमी पडतो. पैसा वाढवून मिळणार नाही आणि तारीख हलणार नाही.

"आणि खुर्च्या आठ," सिस्टर म्हणाल्या. सिस्टर कमी बोलायच्या. "आता आठ आहेत. दिवसात तीन पाळ्या, म्हणजे चोवीस पेशंट. सहाच बसल्या तर सहा जणांना गावाबाहेरच्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. नोंदणीत जे शेवटी आलेत त्यांना."

दोन बस बदलून दीड तास जायचं, सुया टोचून घ्यायच्या, चार तास पडून राहायचं आणि गळून गेलेल्या अंगाने दीड तास परत यायचं. आठवड्यातून तीनदा. बाईंच्या नवऱ्याचा नोंदणी क्रमांक बावीस होता. बाईंनी चेहरा हलू दिला नाही. साहेबांना आणि प्लंबरला घरचं काही ठाऊक नव्हतं आणि बाईंना ते ठाऊक करून द्यायचंही नव्हतं. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी घरच्या माणसासाठी रेघा मारल्या. सिस्टरांना अर्थातच ठाऊक होतं. त्या चार वर्षं त्याला सुया टोचत होत्या. त्यांनी बाईंकडे बघितलं आणि नजर फाइलवर नेली.

बाईंनी दोन दिवसांत नकाशा काढला. चार उतार, प्रत्येक उतारापाशी दोन मशीन, मशीनच्या एका अंगाला एक खुर्ची, दुसऱ्या अंगाला दुसरी. दोन खुर्च्यांना मिळून एक नळ. अशा चार जोड्या. मधल्या फटींतून सिस्टर ये-जा करतील. बेरीज केली तर साडेसदतीस फूट. सहा इंच वर उरत होते. साहेब इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी तो नकाशा वर सहीला पाठवला.

तिसऱ्या दिवशी बाईंनी जुन्या खोलीत पट्ट्या मारल्या आणि टीमला आडवं केलं. साहेब एका चौकोनात, प्लंबर एकात, सिस्टर एकात. सिस्टर पडल्या, त्यांनी डावा हात बाजूला पसरला आणि म्हणाल्या, "माझं मशीन कुठाय?"

"हे काय, उजवीकडे," साहेब म्हणाले.

"सुया डाव्या हातात टोचतात."

डायलिसिस सुरू करण्याआधी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून सुयांसाठी जागा करतात. बहुतेकांचा उजवा हात कामाचा, म्हणून ती डाव्या हातात करतात. चोवीसांपैकी एकवीस पेशंट डाव्या हाताचे होते. मशीन त्या हाताच्या बाजूलाच लागतं. नळ्या छातीवरून आडव्या न्यायच्या म्हटल्या तर त्या दुमडतात, मशीन ओरडतं, रक्त गोठतं. सिस्टरांनी हे सगळं पडल्या पडल्याच सांगितलं.

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चूक कुठे झाली ते त्यांना लख्ख दिसलं. ड्राफ्ट्समनची सवय. अर्धा भाग काढायचा, तो आरशासारखा उलटा करून शेजारी चिकटवायचा. पलंग, कपाटं, खिडक्या, संडास, तीस वर्षं त्यांनी सगळं असंच काढलं होतं. खुर्ची आरशात उलटते. पण खुर्चीतल्या माणसाचा हात कसा उलटणार? आठ खुर्च्या मावल्या होत्या आणि त्यातल्या चार बिनकामाच्या होत्या.

आणि हे त्यांच्याकडून व्हावं, ह्याचं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याच्या त्या डाव्या हाताला त्या चार वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपत होत्या. त्या हाताला पिशवी लागू द्यायची नाही, त्या हाताला घड्याळ नाही, सुया टोचताना उघडता यावी म्हणून शर्टाच्या डाव्या बाहीला खांद्यापर्यंत बटणं लावलेली, रक्तदाब मोजायला कुणी तो हात धरला तर बाई अंगावर जायच्या. आणि नकाशा काढताना तो हात त्यांच्या डोक्यातही आला नाही. ऑफिसातली बाई आणि घरातली बाई ह्या दोघींची जणू ओळखच नव्हती.

साहेबांनी वर जाऊन नकाशा परत मागितला आणि त्यांना चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या. त्यांनी त्या बाईंपर्यंत येऊ दिल्या नाहीत, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुढचे चार दिवस सगळ्यांनी डोकं आपटून बघितलं. खुर्च्या तिरक्या लावून बघितल्या, मशीन डोक्याशी नेऊन बघितलं, प्रत्येकाला डावीकडे वेगळी जागा देऊन बघितली. नळ्या ताणून ताणून सहाच्या वर आकडा जाईना. चौघांच्याही नाकीनऊ आले. साहेब शिबिरातलं काही बोलेनासे झाले.

"सहा धरू या," शेवटी ते म्हणाले. "मलाही बरं वाटत नाहीये, बाई. पण तारीख आहे."

त्या दुपारी सिस्टरांनी बाईंना कोपऱ्यात बोलावलं आणि एक कागद दाखवला. सहा नावं. चौथं नाव नवऱ्याचं होतं. सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी ही यादी द्यायचीय मला. आज गुरुवार आहे." एवढंच. बाईंनी साहेबांकडे जाऊन एक दिवस मागून घेतला.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पुन्हा पट्ट्या मारल्या. खरं तर नवीन काही सुचलं म्हणून नव्हे. हात रिकामे ठेवले असते तर त्यांना रडू आलं असतं, म्हणून. गुडघ्यांवर बसून, कंबर धरत, त्यांनी तेच आठ चौकोन आखले आणि टीमला बोलावलं. टीम आली, पण कंटाळलेली. सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या, त्या चौकोनात पडल्या आणि डोळे मिटून राहिल्या. प्लंबर शेजारच्या चौकोनात पडला आणि लगेच कुरकुरला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमकं त्याच्या डोळ्यांवर येत होतं. "छे बुवा," म्हणत तो उठला आणि डोकं होतं तिथे पाय, पाय होते तिथे डोकं करून पुन्हा आडवा झाला.

"अहो, डोकं इकडे," साहेब म्हणाले.

"झोपू द्या हो पाच मिनिटं. कुठे डोकं नि कुठे पाय, खुर्चीला काय फरक पडतो?"

बाई स्टुलावर चढून वरून बघत होत्या. सिस्टरांचा डावा हात चौकोनाबाहेर पसरलेला होता. उलट्या पडलेल्या प्लंबरचा डावा हातही बाहेर आला होता. दोन्ही हात एकाच फटीत होते, मधल्या उताराच्या दोन बाजूंना.

"कुणी हलू नका," बाई म्हणाल्या.

त्या खाली उतरल्या, दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या, एकदा ह्या हाताला आणि एकदा त्या हाताला हात लावून बघितला. मग त्यांनी साहेबांना पुढच्या जोडीत आडवं केलं, स्वतः त्यांच्या शेजारी उलट्या पडल्या आणि आपला डावा हात पसरला. बोटं साहेबांच्या बोटांना लागली. साहेब जरा संकोचले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते ताडकन उठून बसले.

"एक सुलटी, एक उलटी," ते म्हणाले. "दोघांचे डावे हात आत. बाई, आठ बसतात."

"आणि ते उजव्या हाताचे तिघे?" प्लंबर डोळे न उघडता म्हणाला. त्याला आपण काय केलं ह्याचा अजून पत्ता नव्हता.

"एका पाळीत एकच येतो," सिस्टर म्हणाल्या. "त्याची खुर्ची शेजारच्यासारखीच सुलटी ठेवायची. चाकं आहेत खुर्च्यांना." त्या उठून बसल्या होत्या. पण त्यांच्या कपाळावर आठी होती. "मला तोंडं दिसायला हवीत. रक्तदाब पडला की आधी तोंड पांढरं पडतं. अर्ध्या जणांची मला नुसती टाळकी दिसणार."

मग त्यावर खल झाला. आरसे लावू म्हणून साहेबांनी सुचवलं. सिस्टर म्हणाल्या, त्या अवस्थेत दिवसाआड स्वतःचं तोंड बघत पडायचं, ही शिक्षा कुणालाही देऊ नका. शेवटी प्लंबरनेच सिस्टरांसाठी आणून ठेवलेलं टेबल धरलं आणि लांब भिंतीच्या मध्यापासून ओढत खोलीच्या टोकाला नेलं. औषधाच्या खिडकीवरचं उंच स्टूल मागवून आणलं. त्यावर बसून सिस्टरांनी आठ चौकोनांकडे निरखून बघितलं. सगळी तोंडं बाजूने दिसत होती, चार एका बाजूने, चार दुसऱ्या.

"चालेल," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आधी सगळे एका ओळीत छताकडे बघत पडायचे. आता समोरासमोर येतील. बोलतील तरी." त्यांनी खिशातला सहा नावांचा कागद काढला, चार घड्या केल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. प्लंबर दोन कप प्याला आणि आपल्यामुळेच हे झालं, असं जिन्यावर भेटेल त्याला सांगत गेला. ते खोटंही नव्हतं.

बाई त्या दिवशी वेळेवर निघाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना पाय उचलावेसे वाटत होते. घरी येईपर्यंत त्यांनी मनात ठरवलं होतं, कसं सांगायचं ते. त्याला यादीबद्दल काहीच माहीत नाही, तेव्हा आधी यादी सांगायची, थोडं घाबरवायचं आणि मग खुर्च्यांचं सांगायचं.

नवरा खिडकीपाशी बसला होता. पूर्वी तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. गावातल्या निम्म्या शिंप्यांची यंत्रं त्याच्या हाताखालून गेली होती. आता त्याच्या हातात नुसतं वर्तमानपत्र असायचं, तेही बहुतेक वेळा न उलगडलेलं. डायलिसिस झालेल्या दिवशी तो असाच पिळून काढल्यासारखा दिसायचा.

बाईंनी चपला काढता काढताच सांगायला सुरुवात केली. यादीचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "माहिताय मला. कधीचंच कळलंय. तिथे पडून पडून माणसं दुसरं काय करतात? सगळ्यांना सगळ्यांचे नंबर पाठ आहेत."

"मग मला बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

बाई हसल्या आणि बाकीचं सांगून टाकलं. प्लंबर, ऊन, दोन हात, सगळं. हातवारे करून सांगितलं. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे आठच्या आठ बसल्या."

"आठच्या आठ."

त्याने मान मागे टेकली. बाईंना वाटलं, दमलाय. त्या पाणी आणायला वळल्या तेव्हा तो म्हणाला, "मी ठरवलं होतं. नाव तिकडे गेलं की जायचं नाही."

"कुठे जायचं नाही?"

"कुठेच. लांब पडतं, झेपत नाही, असं म्हणायचं. तुलाही पटलं असतं. पोरीलाही पटलं असतं. कुणाला राग आला नसता." त्याने वर्तमानपत्राची घडी सरळ केली. "नुसतं नको म्हटलं तर तू ऐकून घेतलं नसतंस. काहीतरी कारण लागलं असतं. हे चांगलं होतं. कुणाचा दोष नाही."

बाईंना राग आला. इतका राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता. चार वर्षं पावणेपाचला उठले ती कशासाठी, गुडघे मोडून जमिनीवर पट्ट्या मारल्या त्या कुणासाठी, असं सगळं त्यांच्या ओठांवर आलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि भांडं न धरताच उभ्या राहिल्या. राग हळूहळू उतरला आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. आपल्याला वाटत होतं दोघं एकाच बाजूने ओढतोय. चार वर्षांत आपण त्याला एकदाही विचारलं नाही. उठवलं, कपडे घातले, नेलं, टोचून आणलं. विचारलं नाही, कारण तो काय म्हणेल त्याची भीती होती. त्या रडल्या, आवाज न करता, नळ चालू होता तोवर.

मग तोंड धुऊन त्या बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या.

"जायचं नसेल तर नका जाऊ," त्या म्हणाल्या. "मला कारण नको."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांचं म्हणणं खरं धरावं का नाही, ते त्याला समजत नव्हतं.

"खुर्ची ठेवतील ते," त्या म्हणाल्या. "पण ती माझ्यासाठी भरायची नाही. मी आता उठवणार नाही तुम्हाला."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते बाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. शनिवार-रविवार ते दोघं इकडचं तिकडचं बोलले. रविवारी मुलीचा फोन आला, तिला दोघांनीही काही सांगितलं नाही.

सोमवारी बाईंना सवयीने पावणेपाचला जाग आली. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि अंधारातच उभ्या राहिल्या. चहाही ठेवला नाही, कारण भांड्याचा आवाज म्हणजे उठवणंच झालं असतं. पाच वाजले. सव्वापाच वाजले. साडेपाचला निघालं नाही तर सहाची पाळी चुकते, हे घड्याळ न बघताही त्यांना कळत होतं. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. आतल्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज आला, मग पुन्हा शांत झालं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"अगं," तो आतून म्हणाला. आवाज जागा होता, बराच वेळ जागा असल्यासारखा. "तो डाव्या बाहीला बटणं लावलेला शर्ट कुठे आहे?"

"खुंटीवर," बाई म्हणाल्या. पाय आपोआप दाराकडे निघाले होते, ते त्यांनी थांबवले. पलंग करकरला, पावलं वाजली, खुंटीपर्यंत गेली. बाई ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून तिथेच उभ्या राहिल्या.